वॉटर्लूचं रणांगण: असईच्या भाचीने पाहिलेलं

माझं आजोळ असईच्या शिवारातलं. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. मी लहान असताना मामाच्या शेतात नांगरट झाली की कधीमधी शिशाची गोळी वर यायची. गोटीएवढी, पण उचलली की हाताला वजन जाणवायचं. त्यातली एक मामाने मला दिली होती, एका बाजूने चपटी झालेली. ती अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

त्या दिवशी इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. वय ३४. बारा वर्षांनी, १८ जून १८१५ ला, हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. पुढे त्याला कुणी विचारलं, की लढाईत तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती? त्याने एका शब्दात उत्तर दिलं, असई. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवताना मी ही गोष्ट दर वर्षी सांगितली. तेव्हा लेक बेल्जियममध्ये, वॉटर्लूजवळच्या ब्रसेल्सला राहायला गेल्यावर मी तिला पहिली गोष्ट काय सांगितली असेल, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आठ दिवसांत दोनदा जाऊन आले. एकदा सहल कंपनीबरोबर, एकदा आमचं आम्ही. तिकडे नातेवाइकांकडे जाणारे मराठी लोक पुष्कळ आहेत आणि बहुतेक जण सिंहाच्या टेकडीचा फोटो काढून दोन तासांत परत येतात. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सहलीबद्दल. कंपनीचं नाव देत नाही. अर्ध्या दिवसाची सहल, छोटी गाडी, आठ माणसं, इंग्रजी बोलणारा वाटाड्या. माणूस बोलका होता, पण चार तासांतला निम्मा वेळ गाडीत गेला आणि उरलेल्या वेळात त्याने सगळी लढाई दोन माणसांच्या कुस्तीसारखी सांगितली. नेपोलियनने हे केलं, वेलिंग्टनने ते केलं. वेलिंग्टनच्या हाताखालच्या सुमारे ६८ हजार माणसांत इंग्रज निम्म्याहूनही कमी होते. बाकीचे हॅनोव्हर, ब्रन्सविक, नासाऊ या जर्मन राज्यांतले आणि हॉलंड-बेल्जियमचे. त्यांचा उल्लेखसुद्धा झाला नाही. मी विचारलं, वेलिंग्टनच्या मदतीला आलेलं प्रशिया या जर्मन राज्याचं सैन्य ज्या गावात शिरलं ते प्लांसनुआ दाखवणार का? तर घड्याळ दाखवून म्हणाला, वेळ संपली.

मला मनापासून वाईट वाटलं, कारण लढाईचा निकाल निम्मा तिथे लागला. प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर तेव्हा ७२ वर्षांचा होता. दोनच दिवस आधी लिन्यीच्या लढाईत त्याचा घोडा मारला गेला आणि तो त्याच्या अंगावर पडला होता. तरी हा म्हातारा चिखल तुडवत वाव्रहून माणसं घेऊन निघाला. दुपारी साडेचारच्या सुमारास त्याची पहिली फौज प्लांसनुआच्या बाजूने येऊन धडकली आणि नेपोलियनला आपली राखीव माणसं तिकडे वळवावी लागली. संध्याकाळी शेवटचा घाव घालायची वेळ आली तेव्हा हातात पुरेसं बळ उरलं नव्हतं, ते यामुळे. प्लांसनुआ न दाखवता वॉटर्लू दाखवणं म्हणजे बापू गोखल्यांचं नाव न घेता अष्टीची लढाई शिकवणं. अर्ध्या दिवसाची सहल घेऊ नका, एवढंच सांगते.

दुसऱ्यांदा लेक आणि मी आगगाडीने गेलो. ब्रसेल्सहून ब्रेन-लाल्यू स्थानक वीसेक मिनिटांवर आहे, पुढे बस. वॉटर्लू गावात उतरलात तर चुकाल. वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूला होता आणि त्याने विजयाचा अहवाल तिथूनच लिहिला, म्हणून लढाईला ते नाव पडलं. खरी लढाई दक्षिणेला, मों-सँ-जाँच्या चढावर झाली. एकच तिकीट काढलं की भुयारी संग्रहालय, टेकडी, गोल चित्र आणि हूगोमाँचा वाडा सगळं त्यात येतं, शिवाय वेलिंग्टनच्या मुक्कामाचं संग्रहालय आणि नेपोलियनने आदली रात्र काढली ते ल कायूचं घरही. तेच घ्या. आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

संग्रहालय जमिनीखाली आहे, लढाईच्या द्विशताब्दीला, २०१५ मध्ये उघडलेलं. जमिनीखाली बांधायचा निर्णय मला फार आवडला. वरच्या शेतांच्या आड काही येत नाही. आत गणवेश, बंदुका, नकाशे, आणि तोफांचा धूर अंगावर येतोय असं वाटायला लावणारा मोठ्या पडद्यावरचा देखावा आहे. तो देखावा तरुणांना भावेल. मी मात्र एका काचेच्या पेटीपाशी थांबले ती थांबलेच.

पेटीत एका सैनिकाचा सांगाडा आहे. २०१२ मध्ये तिथे खोदकाम चालू असताना सापडला. तो हॅनोव्हरचा असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. पाठीचा कणा वाकडा. ज्या गोळीने तो गेला ती बरगड्यांमध्ये तशीच होती. मी वाकून पाहिलं. ती माझ्या शिवणाच्या डब्यातल्या गोळीएवढीच होती. लेकीने विचारलं, "आई, काय झालं गं?" मला पटकन बोलता येईना. चाळीस वर्षं मी त्या गोळीकडे मामाची आठवण म्हणून पाहत आले. ती कुणाच्या तरी बरगडीसाठी ओतलेली होती, हे त्या पेटीपाशी पहिल्यांदा नीट कळलं.

आणि आणखी एक गोष्ट तिथे उभं राहून आठवली. असईला शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य अधिकारी होता पोलमन, तोही हॅनोव्हरचाच. एका हॅनोव्हरच्या माणसाने असईला वेलस्लीविरुद्ध फौज उभी केली आणि हॅनोव्हरचीच माणसं पुढे वॉटर्लूला त्याच्या बाजूने मेली.

संग्रहालयातून सिंहाच्या टेकडीकडे जाता येतं. पायऱ्या २२६. माझं वय ६४, गुडघे कुरकुरतात, तीनदा थांबून चढले. लोखंडी कठडा धरायला आहे, पण वर वारा इतका की पदर नीट खोचून घ्यावा लागला. वर ओतीव लोखंडाचा २८ टनांचा सिंह फ्रान्सकडे तोंड करून उभा आहे, पंजा गोलावर. नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने आपला मुलगा जिथे खांद्याला गोळी लागून जखमी झाला ती जागा म्हणून १८२० ते १८२६ या काळात ही टेकडी रचून घेतली. चाळीस मीटरच्या वर उंची, सगळी माती माणसांनी वाहिलेली. लिएजकडच्या बायका पाठीवरच्या टोपल्यांतून ही माती आणत, असं सांगतात. हे वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवला. आमची आई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर घमेली वाहायची, मी बारा वर्षांची होते आणि दुपारची भाकर घेऊन जायचे. त्या बायकांची नावं टेकडीवर कुठे कोरलेली नाहीत.

वरून सगळं दिसतं. दक्षिणेला ला बेल आलियान्स, जिथे नेपोलियनच्या रांगा होत्या. उजवीकडे झाडीत हूगोमाँ. डावीकडे हमरस्त्याला लागून ला हे सँतचं शेतघर. सगळं इतकं जवळजवळ आहे की विश्वास बसत नाही. काही किलोमीटरच्या पट्ट्यात दोन्ही बाजू मिळून दीड लाखाच्या आसपास माणसं आणि चारशेवर तोफा. रात्री उरली ती चाळीस हजारांहून जास्त मृत आणि जखमी.

पण या टेकडीबद्दल माझी एक मोठी तक्रार आहे, आणि ती दोनशे वर्षं जुनी आहे. ही माती आणली कुठून? लढाई ज्या चढाने जिंकली, त्याच चढाची माती खणून ही टेकडी रचली. वेलिंग्टनने आपली बहुतेक माणसं या चढाच्या माथ्यामागे, उतारावर ठेवली होती. फ्रेंच तोफखान्याला समोर फक्त रिकामा माथा दिसत होता. तो माथाच इथे खरवडून काढला आहे. वेलिंग्टन नंतर तिथे गेला तेव्हा, माझं रणांगण बिघडवलं, असं म्हणाल्याचं सांगतात. टेकडीवर उभं राहून ज्यांना लढाई समजली असं वाटतं, त्यांना खरं तर सपाट मैदान दिसलेलं असतं. आमच्या पहिल्या दिवशीच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी विचारलंच होतं, "यात एवढं अवघड काय होतं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून टेकडी उतरल्यावर पूर्वेकडे, हमरस्त्याच्या चौकापलीकडे चालत जा. चौकाजवळ वेलिंग्टनचा सहायक अधिकारी गॉर्डन याचं स्मारक आहे, पायऱ्या चढून जावं लागतं. मूळ जमिनीची पातळी तिथे कळते. चौकात पूर्वी एक एल्मचं झाड होतं, त्याखाली वेलिंग्टन बराच वेळ होता. आठवण म्हणून लोकांनी फांद्या तोडून तोडून ते संपवलं आणि १८१८ मध्ये ते पाडलं. चौकापलीकडे मात्र चढाचा माथा अजून बराचसा शाबूत आहे. तिथे मी लेकीला म्हटलं, तू छत्री उघडून उत्तरेकडे उतरत जा, मी इथे रस्त्याच्या फ्रेंच बाजूला उभी राहते. ती हसली, पण गेली. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोकं. साठेक पावलांवर लाल छत्रीचा फक्त टोकाचा भाग दिसत होता. आणखी दहा पावलं, आणि काहीच नाही. मी हाक मारली तर आवाज आला, माणूस दिसेना.

असईला वेलस्लीने माणसं उघड्यावर तोफांच्या तोंडी दिली होती. गाव आणि नदी यांच्या मधल्या सपाट काळ्या रानात शिंद्यांच्या तोफखान्याने त्याची ७४ वी हायलँडर पलटण जवळजवळ कापून काढली. एका दिवसात मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसं गेली, आणि प्रत्यक्ष लढायला त्याच्याकडे होती साडेचार हजारांच्या आसपास. त्याच्याखालचा एक घोडा मारला गेला, डायोमेड नावाच्या दुसऱ्याला भाला लागला. त्या संध्याकाळी त्याच्या मनावर जे कोरलं गेलं असेल ते वॉटर्लूच्या उतारावर दिसतं, हे माझं स्वतःचं मत आहे. इतिहासकार स्पेन-पोर्तुगालच्या लढायांकडे बोट दाखवतात, तेही खरं आहे. पण मी असईच्या शिवारात उन्हाळे काढलेत, म्हणून मला आधी ते रान दिसतं.

आता गोल चित्राबद्दल. टेकडीच्या पायथ्याशी घुमटाकार इमारत आहे. आत ११० मीटर लांब आणि १२ मीटर उंच कॅनव्हास वर्तुळात लावलेला, मधे आपण. लुई द्युमूलाँ या चित्रकाराने सहकाऱ्यांबरोबर १९१२ मध्ये तो पूर्ण केला. पुढच्या बाजूला खरीखुरी माती, तुटलेलं सामान आणि पडलेल्या घोड्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत, त्यामुळे चित्र कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. कुणी म्हणेल जुनाट आहे. मला पडद्यावरच्या देखाव्यापेक्षा हे दहापट आवडलं, कारण इथे मान वळवायची की नाही हे आपल्या हातात असतं. मी तासभर बसले.

चित्रात दुपारी चारनंतरचा प्रसंग आहे. फ्रेंच मार्शल ने याने हजारो स्वार चढावर सोडले. इंग्रज बाजूच्या पायदळाने चौकोन बांधले, चारही बाजूंनी संगिनी बाहेर. संगिनींच्या भिंतीवर घोडा जात नाही, तो वळतो. स्वार चौकोनांभोवती पाण्यासारखे फिरत राहिले. पुन्हा आले, पुन्हा फिरले. पण मला या चित्रात तोफा पाहायच्या होत्या. स्वार अंगावर आले की तोफची तोफा जागेवर सोडून चौकोनात पळत, आणि स्वार मागे हटले की परत येऊन त्याच तोफा डागत. फ्रेंच स्वार त्या तोफांच्या मधून गेले, त्यांच्या अवतीभोवती फिरले, पण तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी कराव्यात हे कुणी केलं नाही.

इथे माझ्या अंगावर काटा आला. असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी काय केलं होतं? इंग्रज पायदळ तोफांवर चालून आलं तेव्हा कित्येक गोलंदाज आपल्या तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. रांग पुढे गेल्यावर उठले, तोफा वळवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. मागे सोडलेली तोफ जिवंत असते, हे आमच्या गोलंदाजांनी त्याला स्वतःचा जीव देऊन दाखवलं होतं. शेवटपर्यंत तोफ न सोडणारी ती माणसं कोण होती, त्यांची गावं कोणती, हे मी शाळेत मुलांना कधीच सांगू शकले नाही.

चित्रातून बाहेर आल्यावर डबा खाल्ला आणि हूगोमाँकडे चालत निघालो. शेतातली वाट आहे, दीडेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना पिकं. १८१५ मध्ये इथे माणसाच्या डोक्याएवढी उंच राय (गव्हासारखं धान्य) होती आणि आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन इतकी भिजली होती की लढाई सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू झाली. आम्हीही पावसानंतर गेलो होतो. बुटांना जो चिखल चिकटला त्याला आमच्याकडे गारा म्हणतात, पाय उचलताना जड होतो. घोडे आणि तोफा यातून कशा आणल्या असतील ते दहा पावलांत कळलं.

हूगोमाँ या सगळ्या ठिकाणांत सर्वांत चांगलं आहे, पाचपैकी पाच. भिंती, कोठार, छोटं देऊळ, बागेची लांब विटांची भिंत आणि त्या भिंतीत बंदुकीसाठी पाडलेली भोकं. २०१५ पर्यंत पडझड झालेली वास्तू पैसे उभे करून नीट दुरुस्त केली, आणि दुरुस्त करताना उगीच नवी नवरी केली नाही. दक्षिण दारासमोर त्या काळातलं चेस्टनटचं झाड अजून उभं आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याला पालवी होती. मी खोडाला हात लावून आले.

उत्तरेचं दार मुद्दाम पाहा. लढाईच्या पहिल्या तासाभरात लग्रो नावाच्या धिप्पाड फ्रेंच अधिकाऱ्याने कुऱ्हाडीने हे दार फोडलं आणि तीस-चाळीस माणसं आत शिरली. कर्नल मॅकडोनेल आणि त्याच्याबरोबरच्या थोड्या सैनिकांनी खांदे लावून दार पुन्हा लोटलं आणि अडसर घातला. आत अडकलेल्या फ्रेंचांपैकी एक ढोल वाजवणारा पोरगा तेवढा जिवंत सोडला. दाराची रुंदी पावलांनी मोजली, एक बैलगाडी आरामात जाईल एवढीच. सबंध दिवसाच्या लढाईचं वजन या एवढ्याशा जागेवर येऊन टेकलं होतं, हे वाचून पटत नाही. तिथे उभं राहिलं की पटतं. फ्रेंचांनी दिवसभर या वाड्यावर हजारो माणसं घातली आणि तो पडला नाही.

देवळात लाकडी क्रूस आहे. वाड्याला आग लागली, कोठारातले जखमी जळाले, आग देवळात शिरली आणि मूर्तीच्या पायांशी येऊन थांबली. पाय काळे पडलेले दिसतात. २०११ मध्ये हा क्रूस चोरीला गेला होता, नंतर सापडला. तिथे आम्ही दोघी काही न बोलता बसलो.

ला हे सँतबद्दल थोडक्यात सांगते. ते खाजगी शेतघर आहे, आत जाता येत नाही, आणि समोरच्या हमरस्त्यावर गाड्या सुसाट जातात. जपून उभं राहा. पण भिंतीवरची पाटी पाहून मेजर बेअरिंगची आठवण काढा. किंग्ज जर्मन लीजन या इंग्रजांच्या पदरच्या जर्मन फौजेतली त्याची सुमारे चारशे माणसं, आदल्या रात्री कोठाराचं दार सरपणाला गेलेलं, आणि बंदुकांना लागणारी काडतुसं मागवूनही आली नाहीत. सहाच्या सुमारास गोळ्या संपल्या तेव्हा ते बाहेर पडले. बेअरिंगजवळ बेचाळीस जण उरले होते.

त्यानंतरचा तास तो शेवटचा. मी तो जागेवर पाहायचाच असं ठरवलं होतं, म्हणून परतीच्या गाडीची घाई न करता साडेसातपर्यंत थांबलो. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा लख्ख उजेड असतो आणि सूर्य पश्चिमेकडून तिरपा येतो. नेपोलियनने याच वेळी आपल्या इंपीरियल गार्डच्या, म्हणजे निवडक राखीव फौजेच्या, पलटणी चढावर पाठवल्या. सुमारे तीन हजार माणसं, आणि यातले किती तरी जण दहा-पंधरा वर्षं लढून मुरलेले. पूर्वेला दिसणारे सैनिक प्रशियाचे आहेत हे त्याला कळलं होतं, तरी त्याने रांगांमधून सांगायला लावलं, की आपला सेनापती ग्रूशी मदतीला आला. शिक्षिका म्हणून मी या एका वाक्यापाशी नेहमी थांबायचे. माणसांना मरायला पाठवताना त्यांच्याशी खोटं बोललं गेलं, आणि पंधरा मिनिटांत ते खोटं उघडं पडलं. गार्ड चढावर आले तेव्हा माथा रिकामा दिसत होता. वेलिंग्टनकडच्या मेटलँडचे सैनिक उंच पिकात पडून होते, ते चाळीस-पन्नास पावलांवर एकदम उठले. बाजूने डच सेनापती शासेच्या तोफा आणि कोलबॉर्नची ५२ वी पलटण वळून आली. गार्ड हटला. ‘गार्ड मागे हटतोय’ ही आरोळी फ्रेंच रांगांमधून फिरली आणि त्याच वेळी डावीकडून प्रशियाचं सैन्य आत घुसलं. मग फौज राहिली नाही, पळणारी माणसं राहिली.

ज्या जागी हे घडलं ती जमीन टेकडीपासून जवळच आहे, म्हणजे नेमकी माती काढून नेलेली. आम्ही तिथे उभ्या राहून तिरप्या उन्हात दक्षिणेकडे पाहिलं. मला चढ दिसेना, म्हणून मी डोळे मिटून लाल छत्रीचा चढ इथे आणून ठेवला. मग दिसलं. तुम्ही जाल तर पूर्वेकडचा तो माथा आधी पाहा आणि मगच इथे या, उलट क्रम केलात तर हाताला काही लागणार नाही.

उणीव एकच राहिली. प्लांसनुआ दुसऱ्या दिवशीही चुकलं. टेकडीपासून ते लांब आहे आणि पाय संपले होते. पुढच्या खेपेला सकाळी तिथूनच सुरुवात करणार, प्रशियाचं स्मारक आणि चर्चचं आवार पाहून मग चढाकडे येणार, म्हणजे ब्ल्यूखर ज्या बाजूने आला त्याच बाजूने.

परतीच्या गाडीत लेक म्हणाली, "आई, असईला मला अशी छत्री घेऊन कुणी फिरवलंच नाही." खरं आहे, मी तिला गोष्टच सांगितली, जमीन दाखवली नाही. वाटाड्ये केळना पायी ओलांडायला उतार नाही म्हणत होते, तरी वेलस्लीने पाहिलं की दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर आहेत, म्हणजे मधे उतार असणारच, आणि तिथून त्याने फौज पलीकडे नेली. डिसेंबरात ती येणार आहे. नदीचं पाणी तेव्हा घोट्याएवढं असतं. पिंपळगावच्या बाजूने आम्ही दोघी त्या उतारातून चालत जाणार आहोत, आणि शिवणाच्या डब्यातली ती गोळी बरोबर घेणार आहे.